नाटकातलं रहस्य आणि घरातलं गुपित

 

गोष्ट कुणाला आवडत नाही? त्यातही ती नवरा-बायकोची असेल आणि दोघं एकमेकांपासून काही लपवत असतील, तर तव्यावरची भाकरी करपली तरी आपण टीव्हीसमोरून हलत नाही. ‘आता हिला कळणार’, ‘आता हा सापडणार’ असं म्हणत जीव मुठीत धरून बघत बसतो. आज मी तुम्हाला दोन गोष्टी सांगणार आहे. अशी नाटकं-सिनेमे कसे रचलेले असतात ही एक. आणि आपल्या घरात असं गुपित असेल तर ते कसं ओळखायचं, त्याचं काय करायचं, ही दुसरी.

रहस्य आणि उत्कंठा

समजा, घरात एक पत्र्याची पेटी आहे. पेटीला कुलूप आहे आणि किल्ली नवऱ्याच्या करगोट्याला. आत काय आहे ते बायकोला माहीत नाही आणि आपल्यालाही माहीत नाही. हे झालं रहस्य. आपण तर्क करत बसतो आणि शेवटी पेटी उघडली की चकित होतो.

आता तीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं बघा. रात्री नवऱ्यानं जमीन गहाण टाकल्याचा कागद पेटीत ठेवला, ते आपण पाहिलं. सकाळी बायको त्याच पेटीशेजारी झाडून काढते आहे आणि शेजारणीला सांगते आहे, “यंदा कापूस चांगला झाला, पोरीला नर्सिंगला घालणार.” आपल्याला माहीत आहे, तिला नाही. आपला जीव वर-खाली होतो. ही उत्कंठा. नवरा-बायकोच्या गोष्टीत ती जास्त चढते, कारण लपवणारा परका नसतो. ज्याच्या ताटात आपण वाढतो, ज्याच्या भरवशावर आपण झोपतो, तोच लपवत असतो.

निपाणीचा तंबाखूवाला

मराठी रंगभूमीवर या जातीचं सगळ्यांत गाजलेलं नाटक म्हणजे आचार्य अत्रे यांचं ‘तो मी नव्हेच’. त्याचा पहिला प्रयोग 8 ऑक्टोबर 1962 रोजी दिल्लीत झाला. फसवणुकीच्या एका खऱ्या खटल्यावरून ते सुचलेलं होतं. प्रभाकर पणशीकर यांनी त्यात मुख्य काम केलं आणि पुढे वर्षानुवर्षं गावोगाव त्याचे प्रयोग केले. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, नाव काढताच ओळखतील.

नाटक कोर्टात घडतं. पिंजऱ्यात एक माणूस उभा आहे. आपण निपाणीचे तंबाखूचे व्यापारी लखोबा लोखंडे आहोत, असं तो सांगतो. त्याच्यावर आरोप आहे की वेगवेगळ्या गावांत वेगवेगळी नावं घेऊन त्यानं बायकांना लग्नाच्या नावाखाली फसवलं, त्यांचे पैसे आणि दागिने लुबाडले. एकामागून एक साक्षीदार येतात, बोट दाखवून सांगतात, “हाच तो.” आणि हा थंडपणे म्हणतो की तो मी नव्हेच. वकील न घेता स्वतःच उलटतपासणी करतो आणि साक्ष देणाऱ्यांनाच घोळात घेतो.

त्या काळात या नाटकासाठी फिरता रंगमंच वापरला गेला. साक्षीदार बोलायला लागला की मंच फिरायचा, कोर्ट बाजूला जायचं आणि घडलेला प्रसंग समोर यायचा. पणशीकर एकाच नाटकात पाच रूपं करायचे. कुठे कॅप्टन, कुठे महाराज, कुठे आणखी कुणी. मिशी बदलायची, बोली बदलायची, कपडे बदलायचे.

बायांनो, इथे नाटककाराची हुशारी बघा. चेहरा तोच आहे, ते बसलेल्या प्रत्येकाला दिसतं. म्हणजे गुन्हेगार कोण हे रहस्य नाहीच. तरी माणसं शेवटपर्यंत जागची उठत नव्हती, कारण प्रश्न दुसराच होता: हे सिद्ध कसं होणार? सगळ्यांना ठाऊक असलेलं खरं कोर्टात टिकणार का? शेवट मी सांगत नाही. रहस्यनाटकाचा शेवट फोडणं बरं नव्हे. नाटकाचं चित्रीकरण झालेलं आहे, मोबाइलवर शोधून गटात बसून बघा.

पण बघताना एक ध्यानात ठेवा. त्या फसलेल्या बायका अडाणी किंवा बावळट नव्हत्या. त्यांच्या घरच्यांनीही माणूस पाहिला होता. त्यांनी त्याचं बोलणं पाहिलं, कपडे पाहिले, मोठेपणा पाहिला. कागद पाहिला नाही, तो राहतो म्हणाला त्या गावात जाऊन चौकशी केली नाही. आपल्याकडेही स्थळ आलं की पोराची नोकरी, शेती, घर विचारतो. पण आधीचं लग्न झालं आहे का, हे विचारायला जीभ रेटत नाही. पाहुण्यांना राग येईल, असं वाटतं.

दिवा मंद होतो

दुसरी गोष्ट इंग्लंडातली आहे. पॅट्रिक हॅमिल्टन नावाच्या लेखकानं 1938 साली ‘गॅसलाइट’ नावाचं नाटक लिहिलं. 1944 साली त्यावर सिनेमा निघाला आणि त्यातल्या बायकोच्या कामासाठी इन्ग्रिड बर्गमन या नटीला ऑस्कर मिळालं.

त्या काळी तिकडच्या घरांत गॅसचे दिवे असत. एका नळीतून सगळ्या दिव्यांना गॅस जाई. एका खोलीत दिवा लावला की दुसऱ्या खोलीतला मंद होई. या गोष्टीतला नवरा रोज रात्री बाहेर जातो म्हणून सांगतो आणि गुपचूप वरच्या बंद माळ्यावर जाऊन दागिने शोधतो. तिथे दिवा लावला की खाली बायकोच्या खोलीतला दिवा मंद होतो, वर पावलं वाजतात. ती विचारते, तर नवरा म्हणतो तुला भास होतात. तो स्वतःच वस्तू लपवतो आणि तिला म्हणतो तू विसरतेस, तुझं डोकं ठिकाणावर नाही. हळूहळू तिलाही वाटायला लागतं की आपल्यालाच वेड लागलं.

जगभर आता या प्रकाराला त्या नाटकाचंच नाव पडलं आहे. समोरच्याला त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवायचं आणि वेडं करायचं, म्हणजे गॅसलाइटिंग. आपल्याकडे नाव नसेल, पण बोलणं ओळखीचं आहे. “तुला काय कळतं?” “तुझ्या डोक्यात शेजारणींनी भरवलं.” “मी कधी म्हणालो असं?” लखोबा भर कोर्टात म्हणतो तेच हा घरात म्हणतो.

मग त्या बाईची सुटका कशी होते? बाहेरचा एक पोलीस अधिकारी घरात येतो आणि तिला सांगतो की हो, दिवा खरंच मंद झाला, मलाही दिसला. बस, एवढंच. कुणीतरी दुसऱ्यानं पाहिलं, आणि तिला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला. आपल्या बचत गटाचं एक मोठं काम हेच आहे. घरात जे दिसतं ते दुसऱ्या बाईला सांगता येणं, आणि तिनं “तुला चुकीचं दिसत नाही” असं म्हणणं.

ती माझी बायकोच नव्हे

आता नाटकाबाहेर येऊ. आपल्याच महाराष्ट्रातला एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2013 साली त्याचा निकाल लागला. एका बाईचं 2005 साली एका माणसाशी रीतीनं लग्न झालं. तीनेक महिन्यांनी दारात दुसरी बाई आली आणि म्हणाली, मी याची बायको. आधीचं लग्न त्यानं लपवलं होतं. जाब विचारल्यावर उत्तर मिळालं की राहायचं तर गप राहा. छळ सुरू झाला. दिवस गेलेल्या अवस्थेत ती माहेरी आली. मुलगी झाली. तिनं पोटगीचा दावा लावला.

नवऱ्याचा बचाव काय होता, ऐका. पहिली बायको जिवंत असताना केलेलं दुसरं लग्न कायद्यानं लग्नच नाही, म्हणून ही माझी बायकोच नव्हे, म्हणून पोटगी नाही. म्हणजे यानंच लपवलं आणि त्या लपवण्याचा फायदाही यालाच हवा होता. सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं नाही. बाईला आधीच्या लग्नाची माहिती नव्हती, तिला फसवलं गेलं, तेव्हा पोटगीपुरती ती बायकोच धरली जाईल, असा निकाल दिला. महिना 1000 रुपये तिला आणि 500 रुपये मुलीला, ही खालच्या कोर्टानं ठरवलेली पोटगी कायम राहिली. रक्कम लहान आहे. पण या निकालाचा आधार त्यानंतरच्या फसलेल्या बायकांना मिळाला.

यासंबंधी कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात सांगते.

हिंदू विवाह कायदा 1955 सालचा आहे आणि तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. त्याप्रमाणे पहिलं लग्न टिकून असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल आहे. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि आधीचं लग्न लपवून केलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. पण अशा लग्नातली लेकरं कायद्यानं औरसच धरतात. बापाच्या वाट्यात त्यांचा हक्क आहे. बापानं केलेल्या लबाडीची शिक्षा लेकराला नाही.

आधीचं लग्न नसेल, पण लग्नाच्या निर्णयावर परिणाम करणारी दुसरी मोठी गोष्ट लपवून होकार घेतला असेल, तर फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत कोर्टात लग्न रद्द करून मागता येतं. मात्र कळल्यानंतरही राजीखुशीनं नांदत राहिलं तर तो हक्क जातो. म्हणून “बघू, पुढच्या वर्षी बघू” असं करू नका.

आणि लग्नाची नोंद. महाराष्ट्रात 1998 सालचा विवाह नोंदणीचा कायदा आहे. खेड्यात ग्रामसेवक ही नोंद करतो. लग्नानंतर 90 दिवसांच्या आत करावी, उशीर झाला तरी करता येते. लखोबाला तोंड द्यायला साक्षीदारांची रांग लागली. तुमच्या हातात दाखला असेल तर “ही माझी बायकोच नव्हे” हे वाक्य तिथेच संपतं. मंडपातले फोटो, पत्रिका, भटजीचं किंवा भन्तेजींचं नाव, हेही जपून ठेवा.

आपल्याकडचं मोठं गुपित

पण सिरसाळ्याच्या पट्ट्यात दुसरी बायको हे काही सगळ्यांत मोठं गुपित नाही. मोठं गुपित आहे कर्ज.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना वेगळं सांगायला नको. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. म्हणजे मुकादम उचल देतो ती दोघांच्या कामावर. ऊस दोघं तोडतात, मोळ्या ती बांधते, डोक्यावर वाहून गाडीत ती चढवते. पण उचल किती घेतली, किती टनांनी फिटली, बाकी किती राहिली, हे किती जणींना आकड्यात माहीत आहे? अनेक घरांत उत्तर येतं, “त्यांना ठाऊक.” हंगाम संपतो, हिशेबात बाकी निघते आणि पुढच्या वर्षी पुन्हा कारखान्यावर जावं लागतं. तिचे हात गहाण पडलेले असतात आणि आकडा तिला माहीत नसतो. पेटीशेजारी झाडणारी ती बाई आठवा.

शेतीच्या कर्जाचंही तसंच. आपला बीड जिल्हा शेतकरी आत्महत्यांनी पोळलेला आहे. नवरा गेल्यावर तेराव्याच्या आतच कुणीतरी दारात येतो आणि सांगतो, माझे इतके देणं होते. बाईला ते पहिल्यांदा कळतं. शेतकरी आत्महत्येनंतर सरकार वारसांना 1 लाख रुपये मदत देतं, त्यातले 30 हजार रोख आणि 70 हजार ठेव म्हणून. पण पात्र ठरायला कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. गुपचूप, बिनकागदाचं, खासगी देणं त्यात धरत नाहीत. नवऱ्यानं लपवलेल्या कर्जाचा भार बाईवर पडतो आणि मदत मात्र हातातून जाते.

म्हणून या तीन गोष्टी पक्क्या समजून घ्या.

पहिली. माणूस गेला तर त्याचं कर्ज वारसांकडून वसूल होतं ते त्याच्याकडून वारशात आलेल्या मालमत्तेपुरतं. बायकोनं सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही-अंगठा केला असेल तर मात्र ती स्वतः बांधली जाते. म्हणून “इथं अंगठा दे” म्हटलं की आधी विचारा, कशावर? किती रुपयांवर? माझं नाव कुठल्या जागी आहे?

दुसरी. सात-बारा काढून बघा. जमिनीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर तो ‘इतर हक्क’ या रकान्यात लिहिलेला असतो. सात-बारा कुणालाही काढता येतो, नवऱ्याची परवानगी लागत नाही. घरातल्या शिकलेल्या पोरीला मोबाइलवर दाखवायला सांगा.

तिसरी. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे. त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.

आणि आपण लपवतो ते?

खरं बोलायचं तर लपवतात फक्त पुरुष, असं नाही. डाळीच्या डब्यात, उतरंडीच्या मडक्यात, जुन्या लुगड्याच्या घडीत पैसे ठेवणाऱ्या बाया आपल्यातही आहेत. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या, तेव्हा घरोघरचे हे डबे उघडे पडले. जन्मभर साठवलेलं नवऱ्यापुढे ठेवावं लागलं. कुणाचं कौतुक झालं, कुणाला मार बसला.

मग तिचं लपवणं आणि त्याचं लपवणं एकच का? मला वाटतं, गुपित तोलायचा काटा एकच आहे. ते उघडं पडलं तर किंमत कुणाला मोजावी लागते? पोरीच्या फीसाठी, दवाखान्यासाठी, दारूपासून वाचवण्यासाठी ठेवलेले चार पैसे दुसऱ्याचं काही ओरबाडत नाहीत. पण ज्याची भरपाई दुसऱ्याला करावी लागते, ते गुपित राहत नाही, ती फसवणूक होते. या काट्यावर आपल्यालाही तोलून घ्यावं लागेल. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज, त्यासाठी तिसरीचं, आणि घरात कुणाला पत्ता नाही, असं चालू असेल तर तेही मोजावं लागतं सगळ्या घराला. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमाप्रमाणे सूक्ष्म कर्जात घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. कर्ज देणाऱ्यानं व्याज आणि सगळे खर्च लिहिलेला कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवा. तो मागून घ्या. आणि बाई, घरात सांगायची भीती वाटत असेल तर आधी गटात सांग. एकटीनं वाहू नकोस.

डब्यातल्या पैशांनाही सुरक्षित जागा आहे. स्वतःच्या नावाचं बँक खातं, पासबुक स्वतःजवळ, एटीएमचा नंबर स्वतःच्याच डोक्यात.

पुढच्या बैठकीत

गटाच्या पुढच्या बैठकीत एक करा. प्रत्येकीनं घरी तीन प्रश्न विचारून यायचं. आपल्यावर एकूण देणं किती आणि कुणाचं? कुठल्या कागदावर माझी सही आहे? आपल्या लग्नाची नोंद झाली आहे का? भांडणाच्या सुरात विचारू नका. जेवण झाल्यावर, शांतपणे, “उद्या काही झालं तर मला माहीत असावं” असं म्हणून विचारा. बरेच नवरे लबाडीनं लपवत नाहीत. बायकोपुढे कर्ज कबूल करायची लाज वाटते, म्हणून लपवतात आणि आतल्या आत कुढतात. विचारणारी मिळाली तर तेही मोकळे होतात. लाज वाटून न सांगितलेली गोष्ट वेळेवर कळली, तर कधी कधी माणूसही वाचतो.

आणि उत्तराऐवजी मार मिळाला, तुझे दागिने न सांगता मोडले, खर्चाचे पैसे बंद केले, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात यालाही हिंसाच म्हटलं आहे. त्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. विधी सेवेचा फोन नंबर 15100. महिला हेल्पलाइन 181. जिवावर बेतलं तर 112. हे तीन नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा.

‘तो मी नव्हेच’ बघाल तेव्हा कोर्टात पुढे होऊन बोट दाखवणाऱ्या त्या बायकांकडे नीट बघा. लखोबाच्या हुशारीवर टाळ्या पडतात, पण भर कोर्टात उभं राहून “हाच तो” म्हणायला जास्त हिंमत लागते. नाटक बघून गटात काय बोलणं झालं, ते आम्हाला जरूर कळवा.